चितळाची नवरी

त्या जनावराला आपल्याकडे नावच नाही, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. उत्तरेकडे नदीकाठच्या उंच गवतात ते राहतं आणि तिकडचे लोक त्याला पाढा म्हणतात. सोलापूरच्या माळावर काळविटं होती, कुठे कुठे चिंकारा दिसायचा. पाढा मात्र कुणी पाहिलेला नव्हता. तेव्हा झाली ती चूक अज्ञानाची, असं म्हणायला जागा आहे. त्या जागेत मी पुष्कळ वर्षं आरामात बसलो. बायकोलाही तेवढंच सांगितलं. आता पन्नाशीला आलो आहे आणि तिथे बसवत नाही.

ही गोष्ट तिसाव्या सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी सव्वीस वर्षांचा होतो, शाळेत इंग्रजी शिकवत होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. सात रस्त्याच्या पलीकडे, जिथे त्या वेळी वस्ती विरळ व्हायची, तिथे सरकीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची बाग होती. बागेत मोर, एक साळिंदर, दोन काळविटं आणि चितळांची एक जोडी. रविवारी आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत बाग सगळ्यांना खुली असे. मालक लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि इंग्रजीची हौस दांडगी. जनावरांबद्दल कुणाकुणाला पत्रं लिहायला आणि पिंजऱ्यांवरच्या पाट्या रंगवायला त्यांना माणूस हवा होता. शाळा सुटली की मी तिकडे जायचो. गावात मला ‘हरणांचे मास्तर’ म्हणू लागले होते. मला ते आवडायचं, हे लपवत नाही.

जनावरांचं खरं बघायचे ते मामा. मी त्यांना मामा म्हणे, ते मला गुरुजी म्हणत. जातीने धनगर, मंगळवेढ्याकडचे, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांची मेंढरं एका साथीत गेली तेव्हा गाव सोडून आले आणि या बागेत लागले. खांद्यावर काळं घोंगडं बारा महिने. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जनावर आजारी पडायच्या आदल्या दिवशी ते सांगत, ‘उद्या हे खाणार न्हाय.’ आणि ते खात नसे.

चितळाची मादी मेली आणि नर एकटा पडला. तारेच्या जाळीशी तोंड लावून उभा राहायचा. मालकांनी उत्तरेकडच्या एका संस्थानात आपल्या ओळखीच्या कारभाऱ्यांना पत्र पाठवलं. पत्र अर्थात मीच लिहिलं: आमच्या चितळाला एक मादी हवी आहे. दोन-अडीच महिन्यांनी रेल्वेने पेटारा आला. वरच्या चिठ्ठीवर ‘हरिण, मादी, एक’ एवढंच होतं.

पेटारा बागेत उघडला. मालकांबरोबर चार-पाच पाहुणे होते. आत खूप वेळ काही हललं नाही. मग एक बुटकं, आखूड पायांचं, मागच्या अंगाला जड असं तपकिरी जनावर बाहेर आलं आणि आमच्याकडे न बघता सरळ कोपऱ्यात जाऊन दडलं.

मालक म्हणाले, “मास्तर, ही अशी कशी?”

तेव्हा मी नुसतं ‘बघून सांगतो’ म्हणालो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, “चितळच आहे. कोवळी आहे, प्रवासाने वाळलीय. भरेल.”

मामा उकिडवे बसून तिच्या खुरांकडे बघत होते. “आन् ठिपके कुटं हायत?”

“येतील.”

“चितळाचे ठिपके जन्माचे आसत्यात की गुरुजी. मिशावाणी मागनं येत न्हाईत.”

सगळे हसले. एक पाहुणे म्हणाले, “मामा, मास्तरांनी पुस्तकं वाचलीत. तुम्ही मेंढरं वाचलीत.” त्यावर आणखी हसू झालं. मामाही हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

लग्नाची कल्पना मालकांच्या आईची. त्यांना सगळे अव्वा म्हणत. आमच्या गावात दर संक्रांतीला देवाचं लग्न लागतं, अक्षता साऱ्या गावाच्या हातून पडतात. तेव्हा हरणाचं लग्न लावायचं म्हटल्यावर कुणाला वावगं वाटलं नाही. अव्वा म्हणाल्या, “माणसाच्या घरात आलीय, अशीच कशी सोडायची नराकडं? चार अक्षता पडू द्या.” मालकांना गंमत वाटली. त्यांनी छापील पत्रिका काढल्या, मुन्सफसाहेबांना बोलावलं, डॉक्टरांना बोलावलं. मंगलाष्टकं मी रचली. अगदी आठ. एका कडव्यात नवरीच्या अंगावरच्या ठिपक्यांच्या शालूचं वर्णन होतं. नवरीच्या पाठीवर दोन ओळी पुसट डागांच्या होत्या, त्याही ऊन तिरपं असलं तरच दिसायच्या. मालकांनी ते कडवं दिवाणखान्यात चार लोकांना वाचून दाखवलं आणि लोकांनी ‘वा मास्तर’ म्हटलं.

लग्नाला चार दिवस उरले असताना, मधल्या सुट्टीत, शाळेच्या कपाटातून मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. हिंदुस्थानातल्या जनावरांचं, चित्रांसकट. मला मंगलाष्टकांसाठी आणखी एखादी उपमा हवी होती. चितळाचं पान बघितलं, आणि दोन पानं पुढे ती होती. तेच आखूड पाय, तोच जड मागचा भाग, तीच झुबकेदार शेपटी. खाली लिहिलं होतं की हे जनावर उडी मारत नाही, मान खाली घालून डुकरासारखं गवतातून घुसत पळतं. उंची चितळापेक्षा बरीच कमी. पुढे असंही होतं, की अशा दोन जाती एका कुंपणात राहिल्या तर त्यांची मिश्र पिल्लं होऊ शकतात.

वर्गात कुणी नव्हतं. घंटा झाली तरी मी बसून होतो. मग पुस्तक नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ठेवलं. परत जागेवर नव्हे, मागे.

त्याच संध्याकाळी बागेत मामा म्हणाले, “गुरुजी, ही उडी न्हाय मारत. म्यां मुद्दाम बघितलं. डुकरावाणी डोकं खाली घालून पळती. ही त्या जातीचीच न्हाय.”

पुस्तकात दुपारी वाचलेलं वाक्य त्यांनी न वाचता माझ्यासमोर उभं केलं. मी म्हणालो, “बघू.”

“लहान्या कालवडीला थोरला वळू दावत न्हाईत, गुरुजी. पयल्या वेताला कालवड अडती. तुमी मालकांना सांगा. माझं कोन ऐकतंय?”

मी सांगायला गेलो. खरंच गेलो. बंगल्याच्या व्हरांड्यात मालक पत्रिकांवर नावं घालत होते. मी म्हणालो, “मादी फारच लहान वाटते. हे लग्न जरा पुढे ढकलावं का?”

मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “नवरी बुटकी आहे म्हणून लग्न मोडायचं, मास्तर? माझी आजी बघितली असतीत तर! आजोबांच्या कमरेला लागायची. नऊ मुलं झाली तिला.”

आतून अव्वांचं हसू ऐकू आलं. मीही हसलो आणि समोरच्या दोन पत्रिकांवर माझ्या चांगल्या अक्षरात नावं घालून दिली. ‘पुस्तकात बघितलं, ही दुसऱ्या जातीची आहे, मी पहिल्या दिवशी चुकीचं सांगितलं’ हे तीन तुकड्यांचं वाक्य मी व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना पाठ केलं होतं. उतरतानाही ते पाठच होतं.

लग्न थाटात झालं. दोन कुंपणांच्या मधल्या फाटकावर आंतरपाट धरला होता, एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला बागेचा माळी. पलीकडे नर, अलीकडे ती. मी पाटावर उभा राहून आठही मंगलाष्टकं म्हटली. ठिपक्यांच्या शालूचं कडवं आलं तेव्हा मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. आंतरपाटामुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते. मग अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, फाटक वर उचललं. नर दोन ढांगांत आत आला. ती मान खाली घालून गव्हाणीखाली घुसली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. “नवरी लाजली,” मुन्सफसाहेब म्हणाले.

पंधरा दिवसांत मामांनी स्वतःच्या जिवावर मध्ये तट्टी उभी केली. बांबूची, चांगली घट्ट. मी पोहोचलो तेव्हा अव्वा काठी टेकत तिथे आल्या होत्या.

“ही कुणी घातली?”

“मी, अव्वा. ती लई भेती. चारा खाईना झालीय.”

“बेडप्पा, असं नको! अक्षता पडल्यात तिच्यावर. नवऱ्यापासून तोडायची व्हय?”

मामा माझ्याकडे वळले. “गुरुजी, सांगा की.”

अव्वाही माझ्याकडे बघत होत्या. मंगलाष्टकं मीच म्हटली होती. म्हणालो, “अव्वा म्हणतात तेही खरं आहे.” संध्याकाळपर्यंत तट्टी निघाली. मामांनी ती काढली तेव्हा मी माळ्याशी गुलाबांबद्दल बोलत उभा होतो.

पुढच्या महिन्यांचं सांगण्यासारखं काही नाही. उन्हाळा गेला, पाऊस बेताचा झाला. तिचं पोट दिसू लागलं तसा मी मागच्या फाटकाने बागेत जाऊ लागलो, म्हणजे तिच्या कुंपणावरून जावं लागायचं नाही. मालक खूश होते. बाळाच्या पाटीचा मजकूर त्यांनी आधीच माझ्याकडून लिहून घेतला होता. मामा त्याबद्दल एकदाच म्हणाले, “पोटात मोठं हाय.” मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी परत सांगितलं नाही.

नवरात्रातला शनिवार होता, सकाळची शाळा. माळी बोलवायला आला. मी पोहोचलो तेव्हा उन्हं तापली होती. ती लिंबाखाली आडवी पडली होती. नराला मामांनी पलीकडे घातलं होतं. दोन बारीक खुरं बाहेर आलेली, आणि पुढे काही नाही. ती कण्हत नव्हती. माझी समजूत होती की जनावर अशा वेळी ओरडतं. ती फक्त श्वास घेत होती, आणि दर वेळी तो श्वास अर्ध्यावर थांबत होता.

“सकाळधरनं अशीच हाय,” मामा म्हणाले. “पाय आलेत, डोस्कं अडलंय. गुरांचा डाक्तर खेड्यावर गेलाय, बुळकांडीची साथ हाय, जनावरांना सुया टोचायला. सांजंला येतो म्हनं.” मग त्यांनी विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, अगदी खरी आशा होती, “तुमच्या पुस्तकात काय हाय का, गुरुजी?”

“नाही.”

“मेंढीचं मी काढतो. शेळीचं काढलंय. हे रानातलं. हात लावला तर भ्यानंच मरंल. न्हाय लावला तर अशीच मरंल. काय करू, सांगा.”

मी इंग्रजी शिकवणारा माणूस, धोतराचा सोगा हातात धरून उन्हात उभा. तिच्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं. तोंडून एवढंच निघालं, “तुम्हीच बघा.”

मामांनी हाताला गोडं तेल लावलं. पटक्याने तिचे डोळे झाकून डोकं मला धरायला दिलं. माझ्या तळहाताखाली तिच्या मानेतली शीर जोरात उडत होती. मामा काय करत होते ते मी बघितलं नाही. त्यांचा आवाज तेवढा येत होता, मेंढराशी बोलावं तसा हलका, “झालं बाई, झालं, आलं बघ.” बराच वेळ ते हेच म्हणत राहिले. मग काहीतरी ओलं, लांबलचक त्यांच्या घोंगड्यावर आलं. इतके लांब पाय एवढ्याशा आईच्या पोटात मावले कसे, मला कळेना. पिल्लू शिंकलं. मामा हसले. ते हसत असतानाच माझ्या तळव्याखालची शीर मंद झाली, आणि मग लागेनाशी झाली. मी तरी डोकं सोडलं नाही. मामांनी पटका काढून घेतला तेव्हा कळलं की ते मघापासून मला सोडा म्हणत होते.

मालक आले. मागून उपासाच्या अव्वा.

“कुणी हात घातला?”

“मी,” मामा म्हणाले.

“रानटी जनावराला हात घालतात?”

“अडली हुती, मालक. ती बारकी, पिल्लू थोरलं.”

“चितळाच्या पोटात चितळाचंच पिल्लू. थोरलं कसं होईल?” मालक रागावले नव्हते, खरोखर विचारत होते. म्हणून ते माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्ही होतात ना इथे? आणि तुम्हाला यातलं कळतं. असं होतं का?”

उत्तर मला माहीत होतं. त्या वेळी साऱ्या सोलापुरात ते नीट माहीत असलेला मी एकटाच असेन. मामांना ते हातांनी कळलं होतं, पण त्यांच्याकडे नाव नव्हतं, चित्र नव्हतं, पान नव्हतं. ते सगळं माझ्याकडे होतं, नकाशांमागे. मामा माझ्याकडे बघत राहिले.

“सहसा होत नाही,” मी म्हणालो. “मी आलो तेव्हा उशीर झाला होता.”

अव्वा खाली बसल्या. “नवरात्रात सवाष्ण गेली. ह्याच्या हातानं गेली.”

मामांना त्याच दिवशी जायला सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला वाटलं आता बोलतील. ते माळ्याला म्हणाले, “त्याला शेळीचं दूध पाज. गाईचं नको, जुलाब हुतील.” घोंगडं पिल्लाच्या अंगाखाली होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

पिल्लू जगलं. नर होता. पाय बापाचे, शेपटी आईची, रंग दोघांच्या मधला. पाठीच्या कण्याशी ठिपक्यांच्या दोन ओळी स्पष्ट, बाकी अंग कोरं. लोक विचारत, ‘मास्तर, याचे ठिपके कुठे गेले?’ मी म्हणे, ‘येतील.’ सगळ्यात वाईट त्याचं पळणं. कशाला भ्यालं की ते आईसारखं मान खाली घालून घुसायचं. पण आई गव्हाणीखालून जायची ती तिच्या उंचीमुळे. याला बापाची उंची. ते गव्हाणीवर आपटायचं, तारेवर आपटायचं, कपाळाची जखम भरली की पुन्हा फुटायची. बाप शेजारून उडी मारून जायचा आणि हे त्याच्याकडे बघायचंही नाही. त्याने काय शिकावं, हे मला सांगता येत नव्हतं. मी रोज हळद लावायचो.

मामा परत दिसले ते त्यानंतरच्या दुसऱ्या गड्ड्यात. बागेत रेटारेटी होती. मी कुंपणाशी उभा राहून गर्दीला माहिती सांगत होतो. माणसांच्या मागून ते पुढे आले. अंगावर घोंगडं नव्हतं, जुनी चादर होती. वाळले होते.

“बरं हाय का गुरुजी?”

“बरं आहे. तुम्ही?”

“हितंच, मालधक्क्यावर हमाली करतोय.” ते आत बघत होते. पिल्लू आता चांगलं वाढलं होतं, शिंगांचे दोन खुंट आले होते. कोपऱ्यात मामांचं घोंगडं अंथरलेलं होतं, फाटून चिंध्या झालेलं. ते त्यांनी ओळखलं असणार. मग पाटीकडे बोट केलं. “हितं काय लिवलंय?”

पाटी माझ्याच हातची होती. मराठीत, कानडीत, इंग्रजीत. मी वाचलं, “चितळ. नर. या बागेत जन्मलेला.”

“आन् त्याच्या आईचं?”

“काय?”

“त्याच्या आईची जात काय लिवलीय?”

मागून लोक ढकलत होते. कुणीतरी म्हणालं, ‘ओ, पुढं सरका की.’ मालक दहा पावलांवर पाहुण्यांबरोबर उभे होते. माझ्या शेजारी माझेच दोन विद्यार्थी होते. मी म्हणालो, “तीही चितळच.”

मामा थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले, जणू त्यांना वाचता येत होतं. मग हळू, न रागावता म्हणाले, “मंग म्यांच मारली म्हना की.”

तेवढ्यात एका पोराने पिपाणी वाजवली. पिल्लू दचकलं, मान खाली घालून पळालं आणि तारेवर आपटलं. गर्दी हसली. मामांनी तारेतून बोटं घालून त्याच्या कपाळाला लावली. “आईवाणी पळतंय,” ते म्हणाले, आणि गर्दीत मागे सरकले. त्यांचा पटका बराच लांबवर दिसत होता. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती.

ते पिल्लू त्या उन्हाळ्यात गेलं. कपाळाची जखम चिघळली. नंतर बागही गेली, मालक गेले, अव्वा गेल्या. मी मालधक्क्यावर दोनदा चौकशी केली, दोन्ही वेळा बऱ्याच वर्षांनी, म्हणजे सापडायची भीती उरली नव्हती तेव्हा. पाटी माझ्या माळ्यावर आहे. बाग मोडली तेव्हा कुणी नेत नव्हतं, मी आणली. अक्षर अजून चांगलं दिसतं.

ज्यांना हे सांगायचं होतं त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आता ते बहुधा नाहीतही. तरी लिहितो. ती चितळ नव्हती, मामा. अक्षता पडायच्या चार दिवस आधीपासून मला माहीत होतं.